कॅरॅव्हॅन ओढायची तर इस्टेटच

कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, ओढायला कुठली गाडी घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: कॅरॅव्हॅन किती किलोची आहे? बहुतेकांना ते सांगता येत नाही. लांबी माहीत असते, बेड किती आहेत ते माहीत असतं, शॉवर मागच्या भिंतीला आहे की मध्ये तेही तोंडपाठ असतं. वजनाचं मात्र ‘असेल टनभर’. आणि गाडी मनात पक्की ठरलेली असते: मोठी, उंच, रुबाबदार एसयूव्ही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांत आता कॅरॅव्हॅनचे बेत शिजू लागलेत, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतोय. माझं मत सरळ आहे. चार-पाच माणसांचं कुटुंब, बाराशे ते पंधराशे किलोची कॅरॅव्हॅन, आणि सुट्ट्या सोडून उरलेलं वर्षभर तीच गाडी ऑफिस, शाळा, बाजार यांसाठी, असा हिशोब असेल तर चांगल्या इस्टेटच्या, म्हणजे मागे लांब डिकी असलेल्या बसक्या कारच्या, तोडीची दुसरी गाडी नाही.

ओढणं हा यातला सोपा भाग. आजचं कुठलंही बरं दोन लिटरचं डिझेल इंजिन सपाट रस्त्यावर दीड टन सहज ओढतं. कस लागतो तो मागच्या दीड टनाला आवरताना. एम ६२ मोटरवे लँकेशरमधून यॉर्कशरमध्ये शिरताना ३७२ मीटर उंचीवर चढतो. इंग्लंडमधला हा सर्वांत उंच मोटरवे, आणि त्या टेकडीचं नावच विंडी हिल. तिथे डाव्या लेनमधून ताशी ५५ मैलांनी जाताना मागून एखादा मोठा जोड ट्रक किंवा लांब पल्ल्याची बस ओलांडू लागली की काय होतं ते बघा. तिच्या तोंडापुढे ढकलली जाणारी हवा आधी कॅरॅव्हॅनच्या मागच्या कोपऱ्यावर आपटते आणि शेपूट डावीकडे सरकवते. मग ती शेजारी आली की कॅरॅव्हॅन तिच्याकडे ओढली जाते. पुढे निघून गेली की पुन्हा झटका. हे सगळं स्टिअरिंगच्या आधी कमरेला कळतं, सीट आडवी हलल्यासारखी वाटते. गाडी चांगली असेल तर एका हेलकाव्यात सगळं शांत होतं, मुलांचं मागे चाललेलं भांडणही थांबत नाही. गाडी हलकी किंवा डुलणारी असेल तर दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा येतो, आणि तिसरा त्याहून मोठा. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही. पण तिथवर वेळच येऊ नये यासाठी गाडी निवडायची असते.

यात सर्वांत महत्त्वाचं माप कुठल्याच जाहिरातीत नसतं. ते म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यापासून टोबॉलपर्यंतचं, म्हणजे कॅरॅव्हॅन जिथे अडकवतात त्या गाडीमागच्या लोखंडी गोळ्यापर्यंतचं अंतर. कॅरॅव्हॅन जे काही आडवं ढकलते ते त्या बॉलमधून, आणि हे अंतर म्हणजे तिच्या हातातली तरफ. तरफ जितकी लांब तितकं तिला तुमच्या गाडीचं तोंड फिरवणं सोपं. याच्या उलट पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितका लांब तितकी गाडी तिला दाद देत नाही. मी गाड्या बघायला जाताना खिशात टेप ठेवायचो. सेल्समन इन्फोटेनमेंट दाखवत असायचा आणि मी मागच्या चाकापाशी उकिडवा बसून बंपरपर्यंतचं माप घ्यायचो. सगळ्याच इस्टेट इथे चांगल्या ठरत नाहीत हेही खरं. काहींची डिकी मोठी दिसावी म्हणून मागचा भाग चाकाबाहेर बराच लांब काढलेला असतो.

उंच गाडीची अडचण वेगळी. तिचं वजन जमिनीपासून वर असतं, स्प्रिंगची हालचाल जास्त असते, म्हणून आडवा झटका आला की आधी ती कलते आणि मग सावरते. इस्टेट खाली बसलेली असते, कलायला तिला जागाच कमी. एसयूव्हीच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. ती मुळात जड असते, आणि वजन हा टो करताना, म्हणजे ओढताना, गुणच आहे. शिवाय चिखलाच्या शेतातून कॅरॅव्हॅन बाहेर काढायची तर फोर बाय फोरचा उपयोग होतोच. पण फोर बाय फोर इस्टेटमध्येही मिळतं, आणि सोळाशे-सतराशे किलोच्या इस्टेटही मिळतात. तुमची कॅरॅव्हॅन डबल एक्सलची, अठराशे किलोची असेल तर मोठी एसयूव्ही घ्या, माझा आग्रह नाही.

आता वजनं. कॅरॅव्हॅनच्या दाराजवळ एक छोटी पाटी असते. तिच्यावरचा एमटीपीएलएम हा आकडा म्हणजे सामानासकट तिचं जास्तीत जास्त किती वजन भरलं तर चालेल ते. दुसरा आकडा मिरो, म्हणजे कारखान्यातून वापरायला तयार होऊन निघतानाचं वजन. या दोहोंतला फरक तुमचा. समजा एमटीपीएलएम १३५० आणि मिरो १२००, तर तुमच्या वाट्याला १५० किलो. ऐकायला खूप वाटतात. त्यात मूव्हर, म्हणजे कॅरॅव्हॅन जागेवर सरकवणारी मोटर, बसवला की तीसेक किलो गेले, ऑनिंगचे, म्हणजे बाजूला जोडायच्या तंबूचे, पंचवीस, बॅटरीचे वीस. मग खुर्च्या, टेबल, गॅसचं सिलिंडर, आणि आपल्या घरचा कुकर, तवा, पोळपाट, तांदळाची पिशवी. पाण्याच्या टाकीत चाळीस लिटर पाणी ठेवून निघालात तर ते चाळीस किलोच झाले. म्हणून हिशोब करताना नेहमी एमटीपीएलएमच धरायचा. आपण तो गाठणार नाही, अशी आशा बाळगायची नाही.

इथल्या दोन जुन्या संस्था, १९०१ चा कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब आणि १९०७ चा कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब, नव्या माणसाला सल्ला देतात तो असा: भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या (माणसं-सामान न भरलेल्या गाडीच्या वजनाच्या) ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि सराव झाला तरी शंभर टक्क्यांच्या वर जाऊ नका. हा कायदा नाही, सल्ला आहे. मी मात्र तो कायद्यासारखा पाळतो. १३५० किलोच्या कॅरॅव्हॅनला भागिले ०.८५ केलं की १५८८ येतात. म्हणजे गाडी किमान १५९० किलोची हवी. एवढ्या एका भागाकाराने निम्म्या गाड्या यादीतून जातात, आणि उरलेल्यांत गोंधळ कमी होतो.

कर्ब वेटमध्ये एक खोच आहे. युरोपीय पद्धतीच्या आकड्यात ७५ किलो ड्रायव्हर आणि सामानाचे धरलेले असतात, टाकी ९० टक्के भरलेली असते. ब्रिटिश व्याख्येत ड्रायव्हर नसतो. एकाच गाडीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर बहुधा हेच कारण. जुनी गाडी घेत असाल तर व्ही फाइव्ह सी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, बघा. त्यात ‘जी’ समोर चालत्या स्थितीतलं वजन असतं आणि ‘ओ.१’ समोर ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येतो ते.

त्याहून खात्रीची गाडीवरची पाटी. दार उघडलं की खांबावर असते, काहींत बॉनेटखाली. तिच्यावर चार आकडे एकाखाली एक. पहिला, भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसरा, गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल वजन. तिसरा आणि चौथा पुढच्या आणि मागच्या एक्सलचा. वर २१५० आणि खाली ४१५० असेल तर गाडी पूर्ण भरूनही मागे २००० किलो चालतात. दुसरा आकडाच नसेल किंवा शून्य असेल तर त्या गाडीने काहीही ओढायचं नाही, टोबार (टोबॉल बसवायचा मागचा दांडा) लावलेला दिसला तरी. हे मी का सांगतोय, तर ‘अहो, ही दोन टन आरामात ओढते’ असं मला एका ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं गेलं, आणि मोबाईलच्या उजेडात पाटी बघितली तर फरक निघाला १५०० चा. त्या माणसाने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्याने त्याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनाचा आकडा सांगितला होता. एकाच नावाच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स बदलला की हे आकडे पाचशे किलोंनीसुद्धा बदलतात, म्हणून मॉडेलच्या नावावर कधी जाऊ नका.

बॉलवर येणारं वजन, ज्याला इथे नोजवेट म्हणतात, त्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गाडी निवडताना ते कोणी विचारातच घेत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की ती उलार होते आणि बैलांच्या मानेवरून जू उचललं जातं, कॅरॅव्हॅनचंही तेच. नाक हलकं झालं की शेपूट डोलायला मोकळी. म्हणून कॅरॅव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के वजन नाकावर हवं. १३५० किलोला ६८ ते ९५ किलो झाले. आता गाडीची मर्यादा बघा. कुणाची ७५ किलो असते, कुणाची ८०, ९० किंवा १००. ७५ वाली गाडी घेतलीत तर तुम्ही या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला अडकता, आणि समोरच्या लॉकरमध्ये एक सिलिंडर जास्त ठेवलं तरी मर्यादा ओलांडता. मी ९० च्या खालची गाडी यादीत ठेवलीच नाही.

आणि हे वजन गाडीवर कसं पडतं तेही बघा. समजा नोजवेट ८० किलो, व्हीलबेस २.८ मीटर, आणि बॉल मागच्या चाकापासून १.२ मीटर मागे. तर पुढच्या चाकांवरचं सुमारे ३४ किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकांवर ८० ऐवजी ११४ येतात. डिकी भरलेली, मागे तीन माणसं, वर हे ११४. गाडीची शेपूट बसते, हेडलाइट झाडांवर पडतात, आणि पुढची चाकं ओल्या गवतावर फिरत राहतात. हे आकडे एकदा कागदावर मांडले की मागच्या स्प्रिंग किती महत्त्वाच्या आणि स्वतःहून पातळी राखणारं सस्पेन्शन का हवंसं वाटतं ते आपोआप कळतं. मर्सिडीजच्या ई क्लास इस्टेटमध्ये मागे एअर सस्पेन्शन मुळातच येतं, म्हणून टो करणाऱ्यांचा तिच्यावर जीव. सिट्रोएनची सी ५ टूरर तर याहून लाडकी होती. तिच्या हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शनमुळे डिकीतलं बटण दाबलं की मागचा भाग खाली बसायचा, बॉल हिचच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या टोकावरच्या जोडणीच्या, खाली नेऊन पुन्हा वर घ्यायचा. २०१७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आता चांगल्या राखलेल्या मिळणं अवघड, आणि त्या सस्पेन्शनचं काम जाणणारा मेकॅनिक जवळ असेल तरच घ्यावी.

नोजवेट मोजायला महागडं यंत्र लागत नाही. बाथरूमचा वजनकाटा, त्यावर फळी, त्यावर बॉलच्या उंचीइतका कापलेला लाकडी ठोकळा. जॉकी व्हील, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या नाकाखालचं छोटं चाक, हळूहळू वर घेत नाक ठोकळ्यावर टेकवायचं. चाकं अडवलेली आणि कॅरॅव्हॅन सपाट जमिनीवर हवी. काटा जास्त दाखवत असेल तर समोरचं जड सामान एक्सलच्या वर सरकवायचं. पार मागच्या टोकाला नेऊन नाक हलकं करायचं नाही, तेवढं लक्षात ठेवा. बाथ विद्यापीठाने बेली कंपनीबरोबर कॅरॅव्हॅनच्या स्थिरतेवर काम केलंय, त्यातही भर यावरच आहे: जड वस्तू मध्ये, एक्सलजवळ, आणि खाली. आमच्याकडे ऑनिंगची पिशवी आडवी एक्सलच्या वर जमिनीवर असते आणि टिनचे डबे गाडीत. वरच्या कपाटांत कपडे, गाद्या-उशा, मुलांचे कागद-रंग, बस्स.

एकदा सगळं कुटुंब, सगळं सामान भरून सरळ सार्वजनिक वेब्रिजवर, म्हणजे वाहनांच्या वजनकाट्यावर जा. आधी गाडीची पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग कॅरॅव्हॅन, असं वेगवेगळं वजन करून पावती घ्या. काही पौंडांचं काम आहे. आमच्या पावतीवर मागच्या एक्सलला मर्यादेपर्यंत फक्त चाळीसेक किलो शिल्लक दिसले, तेव्हापासून पाण्याचे कॅन रिकामेच जातात. पाणी काय, कॅरॅव्हॅन लावायच्या साइटवर मिळतंच.

इंजिनाबद्दल थोडक्यात. हॉर्सपॉवर विसरा, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, बघा, आणि तो किती आरपीएमला मिळतो ते बघा. ३४० ते ४०० न्यूटन मीटर, १८०० आरपीएमच्या आसपास, हे बहुतेक दोन लिटर डिझेलमध्ये मिळतं आणि पुरतं. गाडीची ओढण्याची मर्यादा ठरते ती १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघता येतं का यावर. म्हणजे त्या आकड्यात स्थिरतेचा विचार नाही, फक्त चढावर सुटण्याचा आहे. दोन टनांची मर्यादा असलेल्या १५०० किलोच्या गाडीमागे दोन टन लावू नयेत ते यासाठीच.

चढाव मात्र इथे गंमत नाही. यॉर्कशरमध्ये ए १७० वरच्या सटन बँकला चारात एक असा चढ आहे, आणि तिथे कॅरॅव्हॅनला बंदीच आहे, वळसा घालून जावं लागतं. सॉमरसेटमध्ये पोरलॉकचा ए ३९ वरचा चढही तसाच खडा. नकाशावर जवळचा दिसला तरी मी तो घेत नाही.

गिअरबॉक्समध्ये माझा कल ऑटोमॅटिककडे. साइटवर चढ्या जागेत कॅरॅव्हॅन मागे घ्यायची वेळ आली की मॅन्युअलचा क्लच अर्धा दाबून इंच इंच सरकावं लागतं, आणि दहा मिनिटांत जळका वास येतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत डीएसजीचे, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, प्रकार आहेत. कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या लहान इंजिनांसाठी आहे, मोठ्या डिझेलला तेलात बुडालेल्या क्लचचा मिळतो. कॅरॅव्हॅनसाठी दुसराच बघावा, आणि त्याचं तेल वेळेवर बदललं आहे याची बिलं मागावी.

मी बघितलेल्या गाड्या. फोक्सवॅगन पसाट, २०१५ साली आलेली: डिकी ६५० लिटर, शांत, आणि फोर बाय फोर मिळाली तर उत्तम. स्कोडा सुपर्ब, त्याच घरची आणि त्याच काळातली, डिकी ६६० लिटर आणि मागे पाय ठेवायला प्रचंड जागा. व्हॉल्वो व्ही ९०: सुंदर गाडी, सीट तर मी बसलेल्यांत सर्वांत आरामाच्या, पण डिकी ५६० लिटर. जुन्या व्ही ७० पेक्षाही थोडी लहान. इथल्या रस्त्यांवर व्हॉल्वो आणि कॅरॅव्हॅन ही जोडी १९७४ ते १९९३ पर्यंत निघालेल्या २४० इस्टेटपासून रूढ आहे, त्यामुळे मला मनापासून व्ही ९० घ्यायची होती. फोर्ड माँडेओ: २०२२ मध्ये बंद झाली. वापरलेली स्वस्त मिळते आणि रस्त्यावर फार भरवशाने चालते; बजेट कमी असेल तर पहिली ती बघा. ऑक्टाव्हिया छान आहे, पण १३५० किलोच्या कॅरॅव्हॅनला तिचं वजन कमी पडतं. हजार-अकराशे किलोची छोटी कॅरॅव्हॅन असेल तर मी डोळे झाकून ऑक्टाव्हिया सांगेन.

शेवटी सुपर्ब घेतली, डिझेल, १९० पीएसची, फोर बाय फोर, सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी. तिची ओढण्याची मर्यादा २२०० किलो आणि कागदावरचं वजन सतराशेच्या जवळपास, म्हणजे आमची कॅरॅव्हॅन ८० टक्क्यांच्या आसपास बसते. पण निर्णय झाला तो या आकड्यांवर नाही. आई भारतातून दरवर्षी येते, तिचे गुडघे दुखतात. मी तिला घेऊनच गाड्या बघायला गेलो. एसयूव्हीत तिला वर चढावं लागायचं आणि एका हाताने माझा खांदा धरावा लागायचा. काही इस्टेटमध्ये सीट इतकी खाली की उठताना त्रास. सुपर्बमध्ये ती स्वतः दार उघडून बसली, पाय आत घेतले आणि म्हणाली, “अरे, इथे मांडी घालूनसुद्धा बसता येईल.” बायकोने मागे दोन्ही चाइल्ड सीट लावून मधे बसून बघितलं. मग माझी व्हॉल्वो मागे पडली, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. सहा तास मागे बसणाऱ्यांचा शब्द शेवटचा असायला हवा.

इलेक्ट्रिक इस्टेटबद्दल विचारणारे आहेत. एमजी ५ ही रोजच्या वापराला सोयीची गाडी, पण तिची ओढण्याची मर्यादा ५०० किलो. म्हणजे बागेचा कचरा नेणारा ट्रेलर, कॅरॅव्हॅन नाही. जास्त मर्यादेच्या महागड्या इलेक्ट्रिक इस्टेट आता आहेत, तरी मागे कॅरॅव्हॅन लावली की एका चार्जवरचं अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागी कॅरॅव्हॅन सोडवून ठेवल्याशिवाय गाडी लागत नाही. कॉर्नवॉलला जाताना पावसात दोनदा कॅरॅव्हॅन सोडायची आणि जोडायची, मुलं सोबत असताना हे मला आज तरी पटत नाही. डिझेल घेताना युरो ६ हा प्रदूषणाचा निकष बघा, साधारण सप्टेंबर २०१५ नंतरच्या गाड्या. २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनमध्ये युलेझ, म्हणजे कमी प्रदूषणाचा विभाग, आहे आणि निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. आणि गाडी वर्षभर फक्त दोन मैलांवरच्या शाळेपर्यंत जाणार असेल तर डिझेलच नको, धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर चोंदतो. अशा घरात दोन लिटरचं पेट्रोल बरं.

वापरलेल्या गाडीला आधीच टोबार असेल तर खूश होण्याआधी वाका आणि बघा. १ ऑगस्ट १९९८ नंतर नोंदलेल्या गाडीला मान्यताप्राप्त टोबारच लागतो, त्यावर तशी पाटी असते. वायरिंग त्या गाडीसाठीचं खास आहे की कुठलीही गाडी चालेल असं जेनेरिक, ते विचारा. खास वायरिंग असेल तर कॅरॅव्हॅन जोडल्याचं गाडीला कळतं, मागचे पार्किंग सेन्सर आपोआप बंद होतात आणि ईएसपीतलं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेतलं) ट्रेलर स्थिर करणारं काम सुरू होतं. डोलायला लागलेली कॅरॅव्हॅन वेगवेगळ्या चाकांचे ब्रेक लावून सावरणारी ही सोय स्वस्त वायरिंगने बहुधा मिळतच नाही. मी गाडी टोबारशिवाय घेतली आणि खास १३ पिनचं वायरिंग, कोडिंगसकट बसवून घेतलं. सगळं मिळून हजार पौंडांच्या आत झालं आणि माझ्या मते गाडीवर केलेला तो सर्वांत चांगला खर्च. बॉलवरचा रंग सँडपेपरने काढून, पुसून कोरडा करायचा आणि त्याला ग्रीस अजिबात लावायचं नाही, कारण आमच्या हिचमधल्या अल-को कंपनीच्या स्टॅबिलायझरची पॅडं त्या बॉलला घट्ट आवळूनच डोलणं थांबवतात. ज्यांची हिच साधी आहे ते ग्रीस लावतात, त्यांचं बघून आपण लावू नये.

लायसन्सची काळजी बऱ्याच जणांना वाटते. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, इथली टेस्ट द्यावीच लागते, त्यामुळे आपल्यातले जवळजवळ सगळे १९९७ नंतर पास झालेले. अशांना पूर्वी मोठ्या कॅरॅव्हॅनसाठी वेगळी टेस्ट होती. १६ डिसेंबर २०२१ पासून ती गेली आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये साध्या कार लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर चालतो. टेस्ट गेली म्हणून शिकणं सोडू नका, क्लबांचे एक-दोन दिवसांचे कोर्स आहेत, आम्ही दोघांनीही केला. वेग दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०, दुभाजकाच्या ड्युअल कॅरेजवेवर आणि मोटरवेवर ६० मैल. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजव्या लेनमध्ये जायचं नाही. बाहेरचे जादा आरसे लावायचेच, नसतील तर हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. इस्टेट अरुंद असते, कॅरॅव्हॅन सव्वादोन मीटर रुंद, त्यामुळे आरशांशिवाय मागचं काही दिसणार नाही.

शेवटची गोष्ट चाकांची. शोरूममध्ये १९ इंची चाकं झळकतात आणि एकाच मॉडेलच्या वरच्या ट्रिममध्ये तीच गळ्यात पडतात. मी १७ इंची मागितली आणि त्यासाठी जरा थांबलो. टायरची भिंत जाड असली की साइटवरचे खड्डे, दगड, गेटपाशी गुरं अडवायला रस्त्यात बसवलेले लोखंडी गज यांवरून जाताना रिम वाचतं आणि टायर स्वस्त पडतो. फक्त ओझं पेलण्याचा टायरवरचा आकडा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतका किंवा वरचा हवा, आणि कॅरॅव्हॅन जोडली की हवा ‘पूर्ण भरलेली गाडी’ या रकान्यातली. स्पेअर व्हीलही बघून घ्या. काटकसरीचं बारीक चाक असेल किंवा नुसती फोमची बाटली, तर पूर्ण आकाराचं चाक डिकीच्या खळग्यात बसतं का ते गाडी घेण्याआधीच बसवून बघा. माझ्या गाडीत बसतं. ज्यांच्यात बसत नाही त्यांनी ते कॅरॅव्हॅनमध्ये एक्सलजवळ ठेवावं आणि त्याचं वजन हिशोबात धरावं, वीस किलो कुठे गेले नाहीत.